मोरचूद, मॅलाकाइट आणि आजीचा बंब

परवा मालवणला किनाऱ्यावरच्या एका स्टॉलवर हिरव्या पट्ट्यापट्ट्यांचा दगड दिसला. विकणारा सांगत होता, हृदयाची एनर्जी वाढते, रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी ते पाणी प्या. दगड मॅलाकाइट होता, सुंदर होता, पण ते पाणी कृपा करून कुणी पिऊ नका, कारण या दगडात वजनाने ५७ टक्के तांबं असतं आणि जरा आंबट लागलं की ते सुटतं, बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं ना तसंच.

शेजारी गडद निळा अझुराइट होता. दोन्हींत घटक तेच, तांबं, कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन, मग एक हिरवा आणि एक निळा कसा?

सुपारीवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारायला आणलेला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घ्या. खडा जुन्या पत्र्यावर (स्वयंपाकाचा तवा नको!) हळूहळू तापवला की निळेपणा जातो, पांढरी पूड उरते. गार झाल्यावर वर पाण्याचा थेंब टाका, पडला तिथे निळा डाग. तांबं होतं तेवढंच आहे, गेलं आणि आलं ते पाणी. म्हणजे रंग एकट्या तांब्याचा नाही, शेजाऱ्यांचापण आहे.

या क्षारांत तांब्याच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन दिलेले असतात, त्याच्या डी ऑर्बिटलमध्ये (इलेक्ट्रॉन राहतात त्या कप्प्यांत) जागा दहा आणि इलेक्ट्रॉन नऊ. भोवतीचे ऑक्सिजन ऋणभाराचे, ते इलेक्ट्रॉनांना रेटतात, पण जे त्यांच्या तोंडासमोर येतात त्यांना जास्त आणि बाकीच्यांना कमी, त्यामुळे ऊर्जेच्या पायऱ्या पडतात. खालून वरच्या रिकाम्या जागेत उडी मारायला साधारण तांबड्या प्रकाशाएवढी ऊर्जा लागते, तेवढा प्रकाश दगड गिळतो, उरलेला आपल्याला दिसतो. अझुराइटमध्ये काही तांब्यांभोवती चारच ऑक्सिजन, चौकोनात, म्हणून पायरी उंच, नारिंगी-पिवळाही जातो आणि निळा उरतो. मॅलाकाइटमध्ये सहा, चार जवळ आणि दोन लांब, पायरी बुटकी, शिवाय जांभळ्या टोकाचा प्रकाशही गिळला जातो, मग हिरवा राहतो. तापवलेल्या मोरचुदात तर ती इतकी बुटकी होते की फक्त अवरक्त प्रकाश गिळला जातो, तो डोळ्यांना दिसतच नाही.

आमच्या आजीच्या तांब्याच्या बंबावर पावसाळ्यात हिरवी बुरशी धरायची. ती बुरशी नाहीच, खाऱ्या हवेतलं क्लोराइड तांब्याला लागून झालेला क्षार, त्याचंच खनिज रूप अ‍ॅटाकामाइट, चिलीच्या वाळवंटावरून नाव पडलेलं. आजी ओलं आमसूल घेऊन घासायची, कोकमातल्या आम्लात तो हिरवा विरघळायचा आणि खालचं लालसर तांबं पुन्हा चमकायला लागायचं.