पेन्शनीत निघाल्यावर: बेळगाव सीमाभागातील निवृत्तीची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात निवृत्ती एका प्रकारची नाही. मराठा लाइट इन्फंट्रीतून पस्तिशी-चाळिशीत घरी परतलेला जवान, साठीला शाळेतून किंवा कचेरीतून निघालेले गुरुजी आणि कारकून, आणि निपाणीत विड्या वळणारी किंवा खानापुरात भात लावणारी बाई, जी कधी निवृत्तच होत नाही. या तिघांना ‘सकाळी फिरा, छंद जोपासा’ हा एकच सल्ला देऊन भागत नाही.

निवृत्तीचे वय सरकारी नियमातून आले आणि ते सरकत गेले. केंद्र सरकारने ते १९६२ मध्ये ५५ वरून ५८ केले आणि १९९८ मध्ये ६०. कर्नाटकाने २००८ मध्ये आपल्या नोकरांसाठी ५८ चे ६० केले. महाराष्ट्र चतुर्थ श्रेणी वगळता ५८ वरच राहिला. त्यामुळे बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावर सीमेच्या अलीकडचे गुरुजी साठीपर्यंत शिकवतात आणि पलीकडे महाराष्ट्रात शिनोळीकडचे दोन वर्षे आधी मोकळे होतात. ही रेघ १ नोव्हेंबर १९५६ ची. मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबईकडे राहिला. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ ने नोकरांची वाटणी झाली आणि केंद्राच्या संमतीशिवाय त्यांच्या सेवाशर्ती त्यांच्या तोट्याच्या करता येणार नाहीत असे बंधन घातले. पेन्शन शाबूत राहिली, पण कचेरीची भाषा पुढे कन्नड झाली, आणि हे निवृत्तांच्या आयुष्यात आजही जाणवते.

पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ च्या ‘डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार’ या निकालात ठामपणे मांडले. म्हणून हा दिवस पेन्शनर दिन. १ एप्रिल २००६ पासून कर्नाटकाच्या नोकरीत लागलेल्यांसाठी मात्र हिशोब बदलला: ठरावीक पेन्शनऐवजी जमलेला निधी, आणि त्यातल्या किमान ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे त्या रकमेच्या बदल्यात आयुष्यभर ठरलेले हप्ते देणारी योजना, घ्यायची. एकाच शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्या दोघांचे म्हातारपण यामुळे वेगळे झाले आहे.

जवानाचे गणित सर्वांत कमी समजून घेतले जाते. शिपायाला १५ वर्षांच्या सेवेवर पेन्शन मिळते. म्हणजे निवृत्तीनंतर नोकरीच्या दुप्पट वर्षे तरी जगायची आहेत. पलटणीत पीटी आणि परेड रोजची होती, जेवणही त्याच हिशोबाचे. घरी आल्यावर पीटी सुटते, ताट तेवढेच राहते. वजन वाढते, पन्नाशीच्या आत रक्तदाब आणि साखर वर जाते. २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस या आरोग्य योजनेची पॉलिक्लिनिक आहेत, पण तब्येत ठणठणीत असताना तिकडे कोणी जात नाही. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कमरेचा घेर पाहून घेतला तरी बराच त्रास टळतो.

निपाणीच्या विडी कामगारांची कथा उलटी आहे. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा आला, १९७७ मध्ये भविष्यनिर्वाह निधी लागू झाला, १९९५ मध्ये त्याला पेन्शन योजना जोडली. पेन्शनसाठी १० वर्षांची नोंदलेली सेवा लागते आणि २०१४ पासून किमान रक्कम दरमहा १००० रुपये आहे. एवढ्यात घर चालत नाही, म्हणून काम सुटत नाही. अडते बहुधा नोंदीत. कारखान्याच्या वहीत एक नाव, आधारवर दुसरे, मधली वर्षे ठेकेदाराकडे गेलेली. ५८ पूर्ण होण्याच्या दोन-तीन वर्षे आधी नाव, जन्मतारीख आणि सेवेची वर्षे जुळवून घेतली तर फेऱ्या वाचतात. तब्येतीत मान, पाठ आणि तंबाखूच्या धुळीचा खोकला. तासाभराने उठून पाच मिनिटे ताठ चालणे आणि वाऱ्याच्या बाजूला बसणे हे औषधाइतकेच गरजेचे.

साठीनंतरच्या तब्येतीबद्दल बोलताना इथे चालण्यावर फार भर असतो आणि तोल व ताकदीवर अगदी कमी. जागतिक आरोग्य संघटनेची ६५ नंतरची शिफारस तिन्हींची आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटे थोडा दम लागेल असे चालणे, दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, तीन दिवस तोल सांभाळण्याचे. घरी करायचे तर हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, आठ-दहा वेळा, दोन फेऱ्या. मग भिंतीजवळ उभे राहून एका पायावर १०-१० सेकंद. बेळगावचा पावसाळा लांबतो, मग चालणे बंद पडते आणि सप्टेंबरात पाय ढिले झालेले असतात. म्हणून घरातला हा व्यायाम जूनपासूनच सुरू असावा. पडण्याचे प्रसंग बऱ्याचदा न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर आणि रात्री लघवीला उठताना येतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पलंगावर मिनिटभर बसून मग उठावे, नाहीतर एकदम चक्कर येते.

जेवणात भात भरपूर, प्रथिने कमी, हे या भागाचे जुने दुखणे. साठीनंतर ६० किलोच्या माणसाला रोज साधारण ६० ते ७० ग्रॅम प्रथिने हवीत. अंड्यात सहा ग्रॅम, २०० मिलिलिटर दुधात साडेसहाच्या आसपास. भाताचा एक डाव कमी करून वाटीभर आमटी किंवा उसळ वाढवणे हा सोपा मार्ग. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

दिवस कशात घालवायचा याचे उत्तर सीमाभागात आपसूक तयार आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होते याचे आश्चर्य वाटते. कन्नडमधून येणारे उतारे, नोटिसा, अर्ज वाचून देणारा माणूस प्रत्येक गल्लीला हवा असतो. तीस वर्षे कचेरीत घालवलेल्या कारकुनाइतका तयार माणूस दुसरा नाही. आठवड्याचे दोन ठरलेले दिवस, दोन-दोन तास, वाचनालयात किंवा देवळाच्या कट्ट्यावर. वेळ ठरवली नाही तर लोक जेवणाच्या वेळी दारात येतात आणि महिन्याभरात उत्साह संपतो. पैसे घेऊ नयेत आणि सही कोणाच्याही वतीने करू नये.

सही आली की पतसंस्थाही आली. ‘साहेब, तुम्ही संचालक व्हा’ हा मान गोड असतो, त्यामागे जामिनकीचे कागद असतात. ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम जास्त व्याजासाठी एकाच पतसंस्थेत ठेवणे ही इथली नेहमीची चूक. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवींना तो लागू नाही.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, केंद्राच्या पेन्शनरांना नोव्हेंबरात. केंद्राच्या ८० वर्षांवरील पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. विड्या वळून वळून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या बाईंना यंत्र ओळखत नाही आणि त्या परत पाठवल्या जातात. २०२१ पासून चेहरा ओळखून मोबाइलवरून दाखला काढता येतो. त्यासाठी चांगला उजेड, आधार क्रमांक, पेन्शन आदेशाचा (पीपीओ) क्रमांक आणि मोबाइल चालवता येणारा शेजारी हवा.