काच आतून काळवंडते तेव्हा

ऑप्टिकल फायबर म्हटलं की आपल्याला घरचं ब्रॉडबँड आठवतं, पण हीच केसाएवढी काच उपग्रहात, अणुभट्टीजवळ, पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटरच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) बोगद्यात पण असते आणि तिथे तिला वेगळंच दुखणं जडतं. एरवी ही काच इतकी स्वच्छ असते की १५५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश १५ किलोमीटर गेला तरी जवळपास निम्मा शिल्लक राहतो. पण तिथल्या रेडिएशनमधले गॅमा किरण घुसले की ते इलेक्ट्रॉन जागेवरून उडवतात, मग हे इलेक्ट्रॉन काचेत जिथे दोष किंवा भेसळ असेल तिथे अडकून बसतात आणि ती जागा ठराविक रंगांचा प्रकाश गिळायला लागते. याला कलर सेंटर म्हणतात. कंदिलाच्या काचेवर काजळी धरते ना तसंच, फक्त ही आतून धरते.

काच तापवली की यातली बरीच काजळी जाते. आणि गंमत म्हणजे फायबरमधून नुसता प्रकाश सोडत राहिलं तरी काही कलर सेंटर पुसले जातात, याला फोटोब्लीचिंग म्हणतात, त्यामुळे चालू असलेली फायबर कधीकधी बंद पडून असलेल्या फायबरपेक्षा कमी काळवंडते!

प्रकाश उलटंही करतो. १९७८ मध्ये कॅनडात ओटावाला केन हिल आणि सहकाऱ्यांनी जर्मेनियम मिसळलेल्या फायबरमध्ये आर्गन लेसरचा प्रकाश सोडला तर काही मिनिटांत तो परत फिरायला लागला, म्हणजे प्रकाशाने काचेत स्वतःच आरसा कोरला होता. हेच ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे एकच ठराविक तरंगलांबी परत फिरवणारा आरसा. आता ते बाहेरून अल्ट्राव्हायोलेट मारून कोरतात आणि पूल, बोगदे, विमानाचे पंख यांत ताण आणि तापमान मोजायला वापरतात. तापमान १ अंशाने वाढलं की परत येणारी तरंगलांबी साधारण १० पिकोमीटर सरकते. पण रेडिएशननेही ती सरकते, म्हणजे २० पिकोमीटर सरकली तर सेन्सर बिनदिक्कत २ अंश ताप सांगणार, जो नाहीच.

रेडिएशनच्या ठिकाणी नेहमीच्या कामाला शुद्ध सिलिकाचा गाभा असलेली फायबर घेतात, फॉस्फरसवाली तर अजिबात नाही, कारण ती सगळ्यात पटकन काळी पडते. मला आवडतं ते हे की सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या लोकांनी नेमकी ही फॉस्फरसवालीच फायबर एलएचसी या त्यांच्या अ‍ॅक्सिलरेटरच्या बोगद्यात टाकली. फॉस्फरसचं इन्फ्रारेडमधलं काळेपण डोसच्या, म्हणजे पडलेल्या रेडिएशनच्या प्रमाणात वाढतं आणि साध्या तापमानाला सहसा पुसलं जात नाही, म्हणून एका टोकाने लेसरचा पल्स सोडायचा, परत येणारा अंधुक प्रकाश मोजायचा, की बोगद्यात कुठे किती रेडिएशन पडलं ते कळतं, आत माणूस न पाठवता.

२०२१ मध्ये लुमिना नावाच्या प्रयोगात अशीच फायबर अंतराळ स्थानकावर गेली. तिथला डोस अगदी थोडा, त्यामुळे छोटा तुकडा काही दाखवणार नाही, म्हणून ती किलोमीटरच्या हिशोबात गुंडाळून पाठवली.