गोव्यातल्या साखळी गावाला एक अख्खा दिवस द्या

आमच्या गाडीने येणारे बरेच जण चोर्ला घाटात जाताना सांगतात, साखळीला दहा मिनिटं थांबवा, चहा घेऊ आणि निघू. गाडी तुमच्या शब्दावरच चालते, पण एकदा तरी साखळी नीट बघा हो! पणजीहून जेमतेम तासाभराचा रस्ता आहे, आणि गावाबाहेर पडलं की सह्याद्रीचे डोंगर समोर दिसायला लागतात.

सकाळी लवकर निघून आधी हरवळेला जाऊया. तिथली लेणी जांभ्यात कोरलेली आहेत, आत शिवलिंगं आहेत, लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. भिंतीवर हात ठेवून बघा, जांभा बाहेर कितीही तापला तरी आत गार लागतो. जवळच धबधबा आणि रुद्रेश्वराचं देऊळ. पावसात धबधबा जोरात असतो, पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हणून चांगली पकड असलेल्या चपला घाला, आणि खालच्या डोहात उतरायचं नाही म्हणजे नाही, पाणी खोल आहे, यात आम्ही कुणाचंच ऐकत नाही.

मग गावात. हा भाग नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातला, त्यांच्या हातात आला तो १८व्या शतकाच्या शेवटी, म्हणून त्यांनी आधी घेतलेल्या जुन्या काबिजादीत देवळं पाडली गेली तसं इथं झालं नाही. राणे घराण्याचं गाव हे. पलीकडच्या सत्तरी तालुक्यात दीपाजी राण्यांनी १८५२ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध बंड केलं, नाणूसचा किल्ला घेतला. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट त्यांना गाडीतच सांगा, पुढे डोंगर बघताना त्यांना मजा येते.

दुपारी दत्तमंदिर, आणि ऊन उतरल्यावर वाळवंटी नदीच्या काठी विठ्ठलापूर. चैत्रात इथल्या विठ्ठलाच्या देवळात मोठा उत्सव असतो. पण आम्हाला विचाराल तर त्रिपुरारी पौर्णिमेला या, पोरांनी महिनाभर खपून सजवलेल्या होड्या दिवे लावून नदीत सोडतात आणि काळोखात अख्खं पात्र उजळतं, तेव्हा मोबाईल थोडा वेळ खिशात ठेवा. त्या रात्री पार्किंग मिळत नाही, गाडी लांब उभी करून चालावं लागतं, वयस्कर माणसं असतील तर आधी सांगा म्हणजे आम्ही दुपारीच पोचवू.

देवळात जाताना गुडघ्याखाली येतील असे कपडे घाला. सुटे पैसे ठेवा, आणि बाजारात गरम भाजी-पाव खाल्ल्याशिवाय परत फिरू नका.