ओट्याखालचं 'स्फोटक': गॅसच्या टाकीमागच्या नियमांची गोष्ट

दिवाळीतला सुतळी बॉम्ब आणि ओट्याखाली उभी असलेली गॅसची टाकी यांचं नातं काय, असं विचारलं तर कुणीही हसेल. पण कायद्याच्या पुस्तकात दोघांचं कुळ एकच आहे. ते कुळ म्हणजे १८८४ चा स्फोटक कायदा. सिलिंडर कसा बनवायचा, पत्रा कोणता घ्यायचा, सांधा कसा जोडायचा, कुणी तपासायचा, या सगळ्याचा उगम शोधत गेलं की आपण शेवटी इंग्रज सरकारच्या बंदुकीच्या दारूच्या कोठारापाशी येऊन पोहोचतो.

१८८४ चा कायदा झाला तेव्हा डोळ्यांसमोर होती दारू, डायनामाइट आणि फटाके. बाटलीबंद गॅसचा त्यात विचारच नव्हता. मात्र त्या कायद्याच्या १७ व्या कलमात एक वाट ठेवलेली होती. एखादा पदार्थ जीविताला किंवा मालमत्तेला विशेष धोकादायक वाटला, तर सरकारने अधिसूचना काढावी आणि त्यालाही 'स्फोटक' मानावं. ही वाट चोपन्न वर्षांनी कामी आली. २८ सप्टेंबर १९३८ च्या अधिसूचनेने धातूच्या भांड्यात दाबून किंवा द्रवरूपात भरलेला कोणताही गॅस या कायद्यापुरता स्फोटक ठरवला. त्यातली मेख नीट पाहिली पाहिजे. नुसता गॅस स्फोटक नाही, नुसतं भांडंही नाही. धातूच्या भांड्यात कोंडलेला गॅस तेवढा स्फोटक. त्यामुळेच ऑक्सिजन आणि नायट्रोजनसारखे स्वतः न जळणारे वायूही या जाळ्यात आले. भीती जळण्याची नव्हती, दाबाची होती.

दोन वर्षांत १९४० चे गॅस सिलिंडर नियम आले. त्या काळी देशात सिलिंडर म्हणजे वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन आणि अॅसिटिलीन, पाणी शुद्ध करायचा क्लोरिन, बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया. घराघरांत गॅस ही कल्पनाही नव्हती. वेगळा कायदा न करता जुन्याच छत्राखाली हे सगळं आणण्यामागे सोयही असावी, कारण स्फोटकांचे निरीक्षक, परवाने, साठवणुकीचे नकाशे ही यंत्रणा १८९८ पासून उभी होती. हेच खातं आज 'पेसो' (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) या नावाने ओळखलं जातं आणि त्याचं मुख्यालय आहे नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर. देशात कुठेही नव्या प्रकारचा सिलिंडर बनवायचा असला तरी कागद जातात ते नागपूरला. संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहराची ही ओळख नागपूरकरांनाही फारशी ठाऊक नसते.

स्वयंपाकाच्या गॅसचं देशातलं पाऊल पडलं मुंबईत. १९५५ मध्ये बर्मा शेलने 'बर्शेन' या नावाने तो विकायला सुरुवात केली. त्याच वर्षी कंपनीची ट्रॉम्बेची रिफायनरी सुरू झाली होती. पुढे एस्सो ही दुसरी तेल कंपनी आली, आणि २२ ऑक्टोबर १९६५ ला कोलकात्यात इंडेनची पहिली जोडणी दिली गेली. कारखान्यांसाठी लिहिलेले १९४० चे नियम आता गृहिणीच्या स्वयंपाकघराला लागू होऊ लागले, आणि सिलिंडरचा एक वेगळाच वाण पुढे आला: पत्रा जोडून केलेला, म्हणजे वेल्डेड.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचे सगळे नियम या फरकावर उभे आहेत. ऑक्सिजनच्या नळकांड्यात दाब असतो साधारण दीडशे किलो प्रति चौरस सेंटिमीटर. तिथे सांधा चालत नाही. जाड पोलादाचं अखंड नळकांडं लागतं. एलपीजीचं तसं नाही. प्रोपेन आणि ब्युटेन थोड्याशा दाबाखाली मुकाट्याने द्रव होतात. आपल्याकडच्या मिश्रणाचा बाष्पदाब ६५ अंश सेल्सियसला जास्तीत जास्त १६.८७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असावा, असं मानक सांगतं. ६५ अंश हा आकडा थंड देशांतल्या लोकांना अतिरेकी वाटेल, पण मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात उभ्या असलेल्या ट्रकच्या हौद्याला हात लावून पाहावा. या १६.८७ ची साधारण दीडपट केली की २५ येतात, आणि तोच घरगुती टाकीचा पाण्याच्या चाचणीचा दाब. एवढ्या दाबाला जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा पत्रा पुरतो. म्हणून टाकी स्वस्त होते आणि खांद्यावर घेऊन तीन जिने चढता येते. मात्र पत्रा आला की सांधा आला, आणि सांधा आला की संशय आला. वेल्डेड सिलिंडरच्या नियमांचा इतिहास बराचसा या संशयाचा इतिहास आहे.

मानकांचं काम दुसऱ्या घरात चालत होतं. १९४७ च्या जानेवारीत स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेला १९५२ च्या कायद्याने आयएसआय शिक्का देण्याचा अधिकार मिळाला होता. वेल्डेड टाकीसाठीचं मानक म्हणजे आयएस ३१९६. पाच लिटरपेक्षा जास्त पाणी मावणाऱ्या, कमी कार्बनच्या पोलादाच्या, कमी दाबाला द्रवरूप होणाऱ्या वायूंच्या टाक्यांसाठी ते आहे. पाच लिटर आणि त्याखालच्या छोट्यांसाठी वेगळं, आयएस ७१४२. पत्र्यासाठी आयएस ६२४०, व्हॉल्व्हसाठी आयएस ८७३७. यातला पत्र्याचा मुद्दा मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. टाकी तपासण्याआधी तिचं पोलाद तपासायचं. साध्या बाजारातला पत्रा आणून कितीही सुबक टाकी केली तरी ती या व्याख्येत बसत नाही.

कारखान्यात ही टाकी बनते तशी: पत्र्याच्या गोल चकत्या कापतात आणि दाबयंत्रात खोल ओढून त्यांच्या दोन वाट्या करतात. वरच्या वाटीला भोक पाडून बंग बसवतात, म्हणजे व्हॉल्व्ह आटे फिरवून जिथे बसतो ती जाड कडी. एका वाटीची कड किंचित आत दाबून घेतात आणि दुसरी तीवर सरकवतात. या पायरीला जॉगल म्हणतात. मग पोटाभोवती एकच गोल सांधा, तोही वितळलेला रस भुकटीखाली झाकून ठेवणाऱ्या सबमर्ज्ड आर्क पद्धतीने. खाली फूटरिंग, वर व्हॉल्व्हला जपणारी व्हीपी रिंग, जिला आपण घरात मूठ म्हणतो. त्यानंतर अख्खी टाकी भट्टीतून जाते. ओढताना आणि जोडताना पोलादात जो ताण साठतो, तो उतरवण्यासाठी ही भट्टी असते, आणि ती वगळली तर बाहेरून काहीच कळत नाही. दिसायला दोन्ही टाक्या सारख्याच. म्हणूनच मानक केवळ तयार मालावर बोलत नाही, बनवण्याच्या पायऱ्यांवरही बोलतं.

प्रत्येक टाकीला पाण्याची चाचणी, आणि व्हॉल्व्ह बसल्यावर हवेची चाचणी. शिवाय प्रत्येक खेपेतून काही टाक्यांचा बळी दिला जातो. त्यांचे तुकडे कापून ताणतात, वाकवतात, सांध्याचे क्ष-किरण काढतात, आणि एखादी टाकी पाणी भरून फुटेपर्यंत फुगवतात. फुटल्यावर किती दाबाला फुटली एवढंच बघून भागत नाही. फुटण्याआधी पोट किती फुगलं, चीर सांध्यातून निघाली का, तुकडे उडाले का, हेही पाहतात. चांगल्या टाकीने आधी फुगावं, मग एका चिरेने फाटावं. काचेसारखे तुकडे करणारी टाकी कितीही मोठा दाब सोसून गेली तरी नापास. ती खेपही अडचणीत येते.

या चाचण्यांवर आयएसआय शिक्का मिळतो. पण शिक्का मिळाला म्हणून टाकी भरता येत नाही, कारण दुसरी किल्ली नागपूरला असते. नमुन्याचा आराखडा, कारखान्यातली यंत्रं, भट्टी, तपासणीची सोय हे सगळं मुख्य स्फोटक नियंत्रकांनी मंजूर केल्याशिवाय त्या बनावटीची टाकी भरायची नाही, असा नियम. एकाने माल पाहायचा आणि दुसऱ्याने परवानगी द्यायची. कारखानदारांना हा दुहेरी फेरा जाचक वाटतो, आणि त्यांच्या तक्रारीत तथ्यही आहे. तरीही एकाच शिक्क्यावर सोडून द्यावी अशी ही वस्तू नाही, असं माझं मत.

सत्तरच्या दशकात सगळंच बदललं. एस्सो १९७४ मध्ये आणि बर्मा शेल १९७६ मध्ये सरकारजमा झाली. १९७४ मध्येच मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हायचं तेल सापडलं, आणि पुढे उरणहून एलपीजी येऊ लागला. गॅसची मागणी वाढतच होती, टाक्या कमी. ऐंशीच्या दशकात ज्यांनी नंबर लावला त्यांना आठवत असेल, जोडणीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि खासदाराच्या कोट्यातलं कूपन मिळालं तर घरात पेढे वाटले जात. या वाढत्या पसाऱ्यासाठी १९४० चे नियम बदलून १९८१ चे आले, त्यांच्या जागी २००४ चे, आणि मग आज लागू असलेले २०१६ चे. २००४ च्या नियमांनी सिलिंडरची मर्यादाही आखून दिली: ५०० मिलिलिटरहून मोठं आणि १००० लिटरपर्यंतचं बंद धातूचं भांडं. त्याहून मोठं असेल तर तो टँक, आणि त्याचे नियम वेगळे.

मुठीच्या पट्टीवर आतल्या बाजूला 'बी-२८' किंवा 'डी-२७' असं काही लिहिलेलं असतं, ते या सगळ्या नियमांचं सामान्य माणसाला दिसणारं एकमेव टोक. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. व्हॉट्सअॅपवर दर काही महिन्यांनी याला 'एक्स्पायरी डेट' म्हणून घाबरवणारा निरोप फिरतो. टाकी औषधासारखी त्या दिवशी बाद होत नाही. त्या तिमाहीपर्यंत तिची फेरचाचणी व्हायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. नव्या टाकीची पहिली फेरचाचणी दहा वर्षांनी, नंतर दर पाच वर्षांनी. तारीख उलटलेली टाकी दारात आली तर ती न घेता परत पाठवावी, हे मात्र खरं.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि ७ सप्टेंबर २०१९ ला तिची आठ कोटीवी जोडणी तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. एवढ्या घरांत पोहोचलेली टाकी मुख्यतः तीच, साडेतेहतीस लिटरच्या आसपास पोट असलेली आणि त्यात १४.२ किलो माल भरलेली. द्रव फुगायला साधारण पाचवा हिस्सा जागा मोकळी सोडायची, म्हणून पोट मोठं आणि माल कमी. तंतू आणि रेझिनच्या हलक्या टाक्याही आता मिळतात. त्यांच्यासाठी नियमांत वेगळी व्याख्या घालावी लागली, कारण १९३८ ची सगळी रचना 'धातूचं भांडं' या दोन शब्दांवर उभी होती.

या नियमांना एक मोठी उणीव आहे. ते कुणाच्या तरी ताब्यात असलेल्या सिलिंडरशी बोलतात. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या क्लोरिनच्या टाक्यांपैकी एकीतून गळती झाली आणि शंभराच्या आसपास माणसं इस्पितळात गेली. टाक्या गंजत होत्या, फेरचाचणीची मुदत कधीच टळली होती, आणि ती करून घ्यायला मालकच नव्हता.

मालक असेल तर टाकीचा शेवटही ठरलेला आहे. फेरचाचणीत नापास झालेली किंवा गंजून वजनात ठरल्यापेक्षा जास्त घटलेली टाकी भंगारात तशीच विकता येत नाही. ती सपाट दाबायची किंवा अशी कापायची, की ते तुकडे वेल्डिंगने किंवा आणखी कोणत्याही प्रकारे पुन्हा जोडून सिलिंडर होऊ नये. 'पुन्हा जोडून' हे शब्द नियमात मुद्दाम घातलेले आहेत, आणि टाकीच्या नोंदवहीत शेवटची ओळ याच कापण्याची असते.