हँडिकॅप अडकलाय की सरासरी?

सकाळचा राउंड संपवून चहाला बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "दोन वर्षं झाली, वीसवरच अडकलोय." समोरचा मान डोलावतो, "माझंही तेच. पंच्याण्णवच्या खाली जातच नाही." दोघांना वाटतं दुखणं एकच. पण पहिला बोलतोय हँडिकॅपबद्दल आणि दुसरा रोजच्या स्कोअरबद्दल. या दोन आकड्यांची गल्लत आपण हौशी गोल्फर सर्रास करतो. नुसती शब्दांची गल्लत असती तर सोडून दिली असती. पण तिच्यामुळे माणसं चुकीच्या गोष्टीवर वर्षानुवर्षं मेहनत घेतात, आणि ते मला बघवत नाही.

आधी हँडिकॅप. बहुतेकांची समजूत अशी, की हँडिकॅप म्हणजे आपण पारपेक्षा, म्हणजे कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, सरासरी जितके फटके जास्त घेतो तो आकडा. तसं ते नाही. यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी २०२० मध्ये जगातल्या सहा निरनिराळ्या पद्धती एकत्र करून जी जागतिक हँडिकॅप पद्धत आणली, तिच्यात तुमच्या शेवटच्या २० राउंडपैकी फक्त सर्वोत्तम ८ धरतात आणि त्या आठांची सरासरी काढतात. उरलेले १२ राउंड यादीत दिसतात, पण गणितात नसतात. म्हणजे हँडिकॅप सांगतो तुम्ही चांगल्या दिवशी कसे खेळता. एरवी कसे खेळता, ते तो सांगत नाही.

याचा एक सरळ परिणाम आहे. सर्वोत्तम आठांची सरासरी म्हटल्यावर त्या आठांतले साधारण चारच राउंड तिच्याहून चांगले असणार. वीसात चार, म्हणजे पाचात एक. हँडिकॅपइतकं किंवा त्याहून चांगलं आपण पाच राउंडमधून एकदाच खेळतो, आणि उरलेल्या चार वेळा 'आज हँडिकॅपला खेळलो नाही' म्हणून खट्टू होतो. त्यात खट्टू होण्यासारखं काही नाही. आकडाच तसा बेतलेला आहे.

सरासरी मात्र सगळं धरते. अट एवढीच, की नुसत्या स्कोअरची सरासरी काढू नये. सोप्या कोर्सवरचे ९२ आणि अवघड कोर्सवरचे ९२ सारखे नसतात. त्यासाठी प्रत्येक राउंडचं डिफरेन्शिअल बघायचं, म्हणजे कोर्सच्या अवघडपणाशी जुळवलेला आकडा. हँडिकॅपही त्यावरूनच निघतो. स्कोअरमधून कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे लागतील तेवढे फटके) वजा करायचं, ११३ ने गुणायचं आणि त्या कोर्सच्या स्लोप रेटिंगने (साध्या खेळाडूला तो कोर्स किती जास्त अवघड, त्याचा आकडा) भागायचं. ११३ हा प्रमाण स्लोप. कोर्स रेटिंग ७०.१ आणि स्लोप १२२ असेल, तर ९४ च्या कार्डाचं डिफरेन्शिअल येतं २२.१. हे गणित हाताने करायची गरज नसते. हँडिकॅपच्या नोंदीत २० राउंड ओळीने दिलेले असतात आणि त्यातले मोजलेले ८ खूण करून दाखवलेले असतात. आपण फक्त न मोजलेल्या १२ राउंडची सरासरी स्वतः काढायची. माझ्या मते हौशी गोल्फरच्या हाती असलेला सगळ्यात उपयोगी आकडा हाच, आणि तो कुणी काढत नाही.

मी काढला तेव्हा माझंच मला नवल वाटलं. गेल्या वर्षी माझ्या आठांची सरासरी होती २०.१ आणि बारांची २८.३. यंदा आठांची १९.८, बारांची २४.६. हँडिकॅप हलला अवघा ०.३. बारा मात्र ३.७ ने खाली आले आणि सगळ्या वीसांची सरासरी २५.० वरून २२.७ वर आली. राउंडमागे दोनपेक्षा जास्त फटके वाचले होते आणि मी वर्षभर 'अडकलोय, अडकलोय' म्हणत बसलो होतो.

हे वाचलेले फटके आधी कुठे जायचे, ते एका होलवरून सांगतो. चारशे यार्डांच्या आतला पार ४, उजवीकडे वळणारा, वळणावर झाडी. टी-शॉट, म्हणजे होलचा पहिला फटका, उजवीकडे गेला आणि चेंडू झाडाखाली. समोर दोन खोडांमधून ग्रीनचा (खळीभोवतीच्या हिरवळीचा) झेंडा दिसतोय, मध्ये जेमतेम हातभर फट. कॅडी म्हणाला, "सर, सात नंबर घ्या, बाजूला काढा." मी पाच नंबर मागितला, जास्त लांब मारणारी स्टिक. दुसरा फटका खोडावर आदळून मागे आला. तिसरा फांदीला लागून पायाशीच पडला. चौथ्याला फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) मिळाला, पाचवा ग्रीनजवळच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), सहावा बंकरमध्येच राहिला, सातवा निघाला तो ग्रीनच्या पार पलीकडच्या टोकाला, आणि तिथून तीन पट, म्हणजे ग्रीनवरचे हलके फटके. दहा. कॅडीचं ऐकलं असतं तर दुसऱ्याला फेअरवेवर, तिसऱ्याला ग्रीनच्या अलीकडे, चौथ्याला ग्रीनवर आणि दोन पट. सहा.

आता हाच होल दोन्ही आकड्यांत कसा उमटतो बघा. हँडिकॅपसाठी प्रत्येक होलवर एक कमाल मर्यादा असते, तिला नेट डबल बोगी म्हणतात: पार अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे हँडिकॅपचे फटके. त्या दिवशी माझा कोर्स हँडिकॅप, म्हणजे त्या कोर्सपुरता जुळवलेला हँडिकॅप, होता २१. म्हणजे प्रत्येक होलवर एक फटका आणि सगळ्यात अवघड तीन होलवर आणखी एकेक. हा होल त्या तिघांतला नव्हता, त्यामुळे मर्यादा ४ + २ + १ = ७. दहाच्या जागी सात धरले गेले. दहा आणि सहा यांच्यातला चार फटक्यांचा फरक हँडिकॅपच्या हिशेबात एकाच फटक्याचा उरला. त्यातही तो राउंड मोजलेल्या आठांत आलाच नाही, म्हणजे तो एक फटकाही गेला. कार्डावर ९८ लिहिले, त्या दहाचे तीन आणि दुसऱ्या एका पार ५ वरचा एक कापून हिशेबात ९४ धरले, आणि शेवटी हँडिकॅपवर परिणाम शून्य.

म्हणून नव्वदच्या किंवा शंभरच्या आत यायची ज्याला आस आहे, त्याने हँडिकॅपकडे बघून वाट शोधू नये. त्याला अडवणारे दोन-तीन होल हँडिकॅपला दिसतच नाहीत. डिफरेन्शिअलमध्येही ते कापून येतात. ते फक्त हाताने लिहिलेल्या कार्डावर पूर्ण दिसतात, म्हणून कार्डं जपून ठेवावीत. सात किंवा त्यापुढचा प्रत्येक आकडा गोल करून शेजारी एक शब्द लिहायचा: ओबी (हद्दीबाहेर), झाड, पाणी, बंकर, तीन पट. पाच-सहा कार्डांत तोच शब्द परत परत आला की दुखणं सापडलं.

पण प्रत्येकाचं दुखणं हेच असतं असं नाही. आमच्या फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या गटात, एक निवृत्त काका आहेत. त्यांच्या आठांची सरासरी १७.९ आणि बारांची २०.४, अंतर जेमतेम अडीच. माझ्या गेल्या वर्षीच्या आकड्यांत हेच अंतर आठाच्या वर होतं. काकांच्या कार्डावर सात क्वचितच. टी-शॉट १८० यार्ड, पण सरळ रेषेत. चारशे यार्डांच्या पार ४ वर दुसरा फटका १७० यार्ड, म्हणजे पन्नास यार्ड उरतात. तिसऱ्याला ग्रीन, दोन पट, बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त. पुढच्या होलवर तेच. पार ७१ च्या कोर्सवर अठरा बोगी म्हणजे ८९, आणि काका खरोखरच ८९ ते ९२ मध्ये फिरत असतात. ते रोज अर्धा तास पटिंग ग्रीनवर घालवतात. मी एकदा म्हटलं, "काका, तुमचं पटिंग चांगलंच आहे. तुम्हाला वीस यार्ड हवेत." त्यांना पटलं नाही. "पट गेला की स्कोअर गेला," हे त्यांनी तरुणपणी ऐकलेलं.

या समजुतीबद्दल थोडं सांगायलाच हवं. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी फटक्यांच्या प्रचंड नोंदी तपासून 'स्ट्रोक्स गेन्ड' (प्रत्येक फटक्याने सरासरीच्या तुलनेत किती कमावलं) ही मोजणी बसवली, आणि पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेने २०११ पासून पटिंगसाठी ती वापरायला घेतली. त्यांना आढळलं, की चांगला खेळाडू आणि साधारण खेळाडू यांच्या स्कोअरमधला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांतून येतो. चिप, बंकर आणि पट मिळून उरलेला एक तृतीयांश. आणखी एक आकडा मी कायम लक्षात ठेवतो: टूरवरचे व्यावसायिक आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात. आपला आठ फुटांचा पट चुकला तर तो दोष म्हणून धरायचं कारण नाही. तिथे आपण पाच फटक्यांनी का पोहोचलो, हा प्रश्न आहे.

म्हणजे 'अडकलोय' या एका शब्दाखाली दोन वेगळे खेळाडू आहेत. आठ आणि बारा यांच्यात मोठं अंतर असेल, पाच-सहा फटके किंवा जास्त, तर कौशल्य तुमच्यापाशी आहे. आठ राउंडमध्ये ते दाखवलंय तुम्ही. बारा राउंड बिघडतात ते बहुधा निर्णयांनी. अरुंद होलवर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारी स्टिक) बॅगेतच ठेवणं, झाडीतून बाजूला काढणं, पाण्यापलीकडे झेंडा असेल तर ग्रीनचा मधला भाग धरणं. यासाठी स्विंग बदलावा लागत नाही. उलट अशा वेळी स्विंग बदलायला घेतलात तर चांगले आठही हातचे जातात. हे होताना मी पाहिलंय.

अंतर कमी असेल, काकांसारखं, तर शहाणपण आधीच पुरेसं आहे. तिथे आणखी जपून खेळून काही मिळत नाही. तिथे प्रो, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षक, गाठून खरंच काहीतरी नवं शिकावं लागतं: लांबी, किंवा लांब पल्ल्याच्या आयर्नने (लोखंडी स्टिकने) ग्रीन गाठणं. काही महिने स्कोअर वाढेल, ते सोसायची तयारी हवी. हा रस्ता जास्त कठीण आहे, त्याला इलाज नाही.

हँडिकॅप जागचा हलत नाही याची आणखी दोन कारणं असतात, आणि त्यांचा तुमच्या आजच्या खेळाशी संबंध नसतो. एक म्हणजे वीस राउंडची खिडकी. महिन्यातून दोनदा खेळणाऱ्याला वीस राउंड व्हायला दहा महिने लागतात, म्हणजे आजचा हँडिकॅप गेल्या हिवाळ्यातला खेळही सांगत असतो. आपल्याकडे त्यात पावसाळा येतो. जून ते सप्टेंबर फेअरवे भिजलेले, चेंडू पडला तिथेच रुततो, ड्राइव्हचे पंधरा-वीस यार्ड सहज जातात. कोर्स रेटिंग मात्र बाराही महिने तेच. त्या दिवसाच्या परिस्थितीसाठी पद्धतीत −१ ते +३ असा फेरफार होऊ शकतो, पण तो त्या दिवशी आलेल्या सगळ्यांच्या स्कोअरवरून ठरतो आणि पुरेशी कार्डं भरलेली नसतील तर होतच नाही. पावसाळ्यातले चार महिने बारांत जमा होतात, आठांत सहसा नाही. म्हणून सरासरीची तुलना करायची तर हिवाळा हिवाळ्याशी आणि पावसाळा पावसाळ्याशी करावी.

दुसरं कारण वर जाण्याला घातलेला लगाम. वर्षभरातल्या तुमच्या सगळ्यात कमी हँडिकॅपपेक्षा आकडा ३.० ने वर गेला की पुढची वाढ निम्मीच धरतात, आणि ५.० ला थांबवतात. त्यामुळे खेळ घसरत असतानाही हँडिकॅप स्थिर दिसू शकतो. गुडघ्याच्या दुखण्यातून परत आलेल्या माणसाला हे विशेष लागू. तो म्हणतो मी अडकलोय, आणि बारांची सरासरी पाहिली तर सहा फटक्यांनी वर गेलेली असते. त्याला सराव नको, विश्रांती हवी.

माझ्या यादीत आता सगळ्यात जुना राउंड आहे १६.२ डिफरेन्शिअलचा, तोच माझा सर्वोत्तम. रविवारी नवं कार्ड भरलं की तो वीसातून बाहेर पडेल. रविवारचा राउंड आठांत बसला नाही, तर त्याच्या जागी नववा, २१.० चा, आत येईल आणि हँडिकॅप १९.८ वरून २०.४ होईल. चहाच्या टेबलावर कुणीतरी विचारेलच, "काय, परत वीसच्या वर?" मी घरून निघण्याआधी बारांची सरासरी कागदावर काढून खिशात ठेवणार आहे.