महागडं सॉफ्टवेअर नसेल तर आकाशाचे फोटो येत नाहीत?

पुण्यात नवा कॅमेरा घेतलेल्या जवळपास प्रत्येकाला कोणीतरी हे ऐकवतंच: पिक्सइनसाइट (आकाशाच्या फोटोंवर प्रक्रिया करायचं विकतचं सॉफ्टवेअर) किंवा फोटोशॉप विकत घेतल्याशिवाय तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाचा, फोटो काढायच्या फंदात पडू नका. हे खरं नाही, आणि या समजापायी कितीतरी जण सुरुवातच करत नाहीत, याचं मनापासून वाईट वाटतं.

फोटो सुधारतो तो मुख्यतः स्टॅकिंगमुळे, म्हणजे एकाच भागाचे अनेक फोटो जुळवून त्यांची सरासरी काढल्यामुळे. तारे प्रत्येक फोटोत तेच असतात, दाणेदार नॉइज मात्र दर वेळी वेगळा. म्हणून 16 फोटोंत तो साधारण चौथाई होतो, 64 फोटोंत आठवा हिस्सा. हे गणित सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर फुकटात करतात. सिरिल विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ग्रहांच्या व्हिडिओसाठी ऑटोस्टॅकर्ट आहे, तेही मोफत. काय कधी उगवतं ते स्टेलेरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहा.

कोथरूडच्या गच्चीवरून मृगातला तेजोमेघ टिपलात तर शहराच्या दिव्यांमुळे पार्श्वभूमी पिवळट, एका कडेला जास्त उजळ दिसेल. सिरिलमध्ये तारे टाळून रिकाम्या आकाशावर नमुन्याचे चौकोन ठेवा. त्यांवरून पार्श्वभूमीचा अंदाज घेऊन तो उजेड बराचसा वजा होतो. पण त्याखाली पूर्ण बुडालेला अंधूक तपशील विकतचं सॉफ्टवेअरही परत आणत नाही. त्यासाठी शहराबाहेरच जावं लागतं.

पिक्सइनसाइट उत्तम आहेच. ते नंतर घ्या. आधी लेन्सला झाकण लावून, तेवढ्याच एक्सपोजर आणि आयएसओवर डार्क फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा नॉइज नंतर वजा करण्यासाठीचा काळा फोटो, घ्यायची सवय लावा.