फुलण्याच्या वेळेचे स्थानिक अनुकूलन

एकाच जातीची रानवनस्पती निरनिराळ्या ठिकाणी मागेपुढे फुलते आणि हा फरक बियांतून पुढच्या पिढ्यांत उतरतो, तेव्हा त्याला फुलण्याच्या वेळेचे स्थानिक अनुकूलन म्हणतात. एखाद्या वर्षी ऊन लवकर तापले आणि फुले आठवडाभर आधी आली, तर ते अनुकूलन नव्हे. तेच रोप पुढच्या वर्षी पुन्हा नेहमीच्या वेळेवर येईल. खरा फरक पारखायचा तर दोन्हीकडचे बी एकाच वाफ्यात, एकाच दिवशी पेरावे लागते. स्वीडनचे गॉटे टुरेसन यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत रुजवली.

लवकर फुललेले रोप पाणी आटण्याआधी बी धरते, पण वाढायला वेळ न मिळाल्याने लहान राहते आणि बीही थोडेच देते. उशिरा फुलणारे थोराड होते. मात्र हंगाम आखूड निघाला तर बी न धरताच वाळते. यातले कोणते बरे, हे जागेवर अवलंबून. ॲराबिडॉप्सिस या युरोपीय तणात एफएलसी नावाचे जनुक फुलोरा रोखून धरते आणि लांबलेली थंडी त्याला निष्क्रिय करते (वासंतीकरण). फ्रिजिडा हे दुसरे जनुक एफएलसीला जागे ठेवते. ते निकामी झालेली रानरोपे अनेक ठिकाणी आढळतात. ती हिवाळ्याची वाट न पाहता फुलतात.

सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रानमोहरीचे (ब्रॅसिका रापा). ही मूळची तिथली नाही. सलगम याच जातीतले आणि आपल्या फोडणीतल्या राईची ती एक पूर्वज. स्टीव्हन फ्रँक्स, शीना सिम आणि आर्थर वाइस यांनी १९९७ साली, दुष्काळापूर्वी, गोळा केलेले बी आणि दुष्काळी वर्षांनंतर २००४ साली गोळा केलेले बी शेजारीशेजारी वाढवले. दुष्काळ सोसलेल्यांची संतती पूर्वजांपेक्षा एका ठिकाणच्या बियांत १.९ दिवस, तर दुसऱ्या ठिकाणच्या बियांत ८.६ दिवस आधी फुलली. पूर्वज आणि वंशज यांचा संकर मधल्या वेळी फुलला, म्हणजे फरक जनुकांतच होता. अवघ्या सात वर्षांत नैसर्गिक निवडीने एवढी मजल मारली! हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रँक्स आणि सहकाऱ्यांनी पुढे याच रानमोहरीवर आल्टर्नेरिया बुरशीचा प्रयोग केला, तेव्हा दुष्काळानंतरची रोपे पूर्वजांपेक्षा रोगाला अधिक बळी पडली.